पहिलाच बरा होता!

नाशिककराला नवीन काहीही दाखवा, तो आधी जुन्याचा विषय काढतो. मिसळ? पूर्वी रश्श्याला चव होती. गंगापूर रोड? पूर्वी दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या. थंडी? पूर्वी दिवाळीला स्वेटर निघायचे, आता पंखा लावून फराळ करावा लागतो. तक्रारीत तथ्य नाही असं नाही, बागा खरोखरच गेल्या. पण बाग काही आपणहून बंगला होत नाही, तिला बिल्डर लागतो. त्यामुळे शिव्या कुणाला द्यायच्या हे ठरलेलं असतं. बँड मात्र आपणहून बदलतो. राजीखुशीने बदलतो, वर नव्या मालाचे पैसेही मागतो. हे आमच्या फॅनला सोसत नाही. म्हणून कुठल्याही बँडचा दुसरा अल्बम कॉलेज रोडवर एका वाक्यात निकालात निघतो: पहिलाच बरा होता.

पेंटाग्रामचा खटला तर अजून बोर्डावर आहे.

हा मुंबईचा बँड. गायला विशाल ददलानी, गिटारवर रँडॉल्फ कोरिया, बेसवर क्लाइड डिसूझा, ड्रम्सवर शिराज भट्टाचार्य, असा त्यांचा पुढे पक्का झालेला संच. 1996 साली पहिला अल्बम आला, 'वुई आर नॉट लिसनिंग'. इंग्रजी गाणी, तीही स्वतः केलेली, आणि आवाज असा की शेजारच्या काकूंनी दार वाजवायला यावं. त्या काळी इंग्रजी रॉक वाजवणाऱ्या देशी बँडकडून पब्लिकची अपेक्षा एकच असायची, त्याने दुसऱ्याची गाणी हुबेहूब वाजवावीत. आयर्न मेडन वाजलं की टाळ्या, डीप पर्पल वाजलं की शिट्ट्या, आणि 'आता आमचं स्वतःचं एक गाणं' असं कुणी माइकवर म्हटलं की अर्धं मैदान वडापाव खायला. अशा दिवसांत आख्खी कॅसेट स्वतःच्या गाण्यांची काढायची म्हणजे छातीच लागते.

नाशिकच्या पोरांना हे सगळं पंचवटी एक्स्प्रेसच्या कृपेने कळलं. 1975 पासून ही गाडी इथल्या नोकरदारांना सकाळी मुंबईला पोचवते. तिच्यातूनच काही पोरं घरी 'क्लासची चौकशी करायला जातो' असं सांगून निघायची आणि व्हीटीला उतरून धोबी तलावच्या रंगभवनकडे चालू लागायची. 'इंडिपेन्डन्स रॉक' हा 1986 पासूनचा महोत्सव तिथे भरायचा. परतीची पंचवटी अर्थातच चुकलेली असायची. मग दादरहून शेअर टॅक्सी, आणि कसारा घाट येईपर्यंत प्रत्येकाची मान धरलेली. दोन दिवस आई विचारायची, उशी बदलू का? पोरगा अभिमानाने नको म्हणायचा. दुखणारी मान म्हणजे त्याचं सभासदत्वाचं कार्ड होतं.

मग सहा वर्षं काही नाही. आणि 2002 साली दुसरा अल्बम आला, 'अप'.

महात्मानगरातल्या एका घरी, आईवडील बाहेर गेलेले बघून, तो कम्प्युटरवर लावला गेला. टेबलाखाली सबवूफर, टेबलावर कोंडाजीचा चिवडा, भोवती पाच-सहा जण माना मोकळ्या करून तयार. पहिलं गाणं सुरू झालं आणि स्पीकरमधून कम्प्युटरवर रचलेले ठोके यायला लागले. टुक टुक टुक. कुणीच हललं नाही. शेवटी एक जण म्हणाला, "सीडी गंडलीये का रे?" दुसऱ्याने सीडी बाहेर काढली, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली, शर्टाला गोल गोल पुसली, उजेडात धरून ओरखडा शोधला आणि परत घातली. पुन्हा टुक टुक टुक. सीडी ठणठणीत होती. ज्यांनी गिटारने भिंती हलवल्या होत्या, त्यांनी इलेक्ट्रॉनिक अल्बम काढला होता.

त्या घोळक्यात मीही होतो आणि मला तो तिसऱ्या गाण्यापासून आवडायला लागला होता. पण तसं बोलायची सोय नव्हती. शोकसभेत कुणी 'चहा छान झालाय' म्हणतं का?

मग रीतसर आरोपपत्र तयार झालं.

आरोप पहिला: हे मशीनवर केलंय. हा आरोप ज्याने केला तो त्या वर्षी स्वतः सी प्लस प्लसचा कोर्स करत होता. कम्प्युटर येतो म्हणून नोकरी लागावी अशी त्याची इच्छा होती. बँडने मात्र कम्प्युटर शिकू नये. इलेक्ट्रिक गिटारही मशीनच असते, ती काही दिंडोरीच्या शेतात उगवत नाही, हे कुणी बोललं नाही. त्या गिटारमागे अ‍ॅम्प्लिफायर असतो, दोघांच्या मधे आवाज फाडायचा पेडल असतो आणि तो सगळा फाटलेला आवाज आम्ही 'नैसर्गिक' म्हणून डोक्यावर घेतलेला असतो. आणि मशीनचा एवढाच तिटकारा असेल तर गणपतीच्या मिरवणुकीत हाताने कातडं बडवणारं नाशिक ढोलचं पथक सोडून मंडळी डीजेच्या गाडीमागे कशी काय सापडायची?

आरोप दुसरा: यावर नाचता येतं. हा आरोप कळायला रॉक फॅनचं सोवळंओवळं माहीत हवं. त्याच्या धर्मात हालचाल फक्त मानेची. कंबर हलली की बाटला. 'अप' ऐकताना कंबर हलत होती आणि ती कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती. राग अल्बमचा नव्हताच, कंबरेचा होता.

आरोप तिसरा: गिटार कुठाय? गिटार होती. फक्त ती पुढे येऊन छाती काढून उभी नव्हती, ठोक्यांच्या आत शिरून काम करत होती. फॅनला वाटलं, रँडॉल्फवर कुणीतरी जबरदस्ती केली असणार. बिचारा! या बिचाऱ्याने पुढे मोनिका डोगरासोबत 'शायर अँड फंक' नावाची जोडी काढली, तीही इलेक्ट्रॉनिकच. म्हणजे त्याला हेच आवडत होतं. आवडत्या कलाकाराला स्वतःची आवड असू शकते, ही शक्यताच आरोपपत्रात धरलेली नव्हती.

आरोप चौथा, सर्वांत गंभीर: गायक सिनेमात गेला.

हे मात्र खरं होतं. विशाल ददलानीने शेखर रवजियानीबरोबर 1999 सालीच 'प्यार में कभी कभी'ला संगीत दिलं होतं. 'अप' आल्यावर वर्षभरात 'झंकार बीट्स' आला. गंमत बघा, त्या सिनेमाची गोष्टच मुळी आर. डी. बर्मनच्या दोन वेड्या फॅनची. फॅन लोकांवरच्या सिनेमाला संगीत देऊन त्याने नाव मिळवलं आणि इथे त्याचे फॅन त्याच्या नावाने आंघोळ करून मोकळे झाले होते. तसं पाहिलं तर आरडीलाही त्याच्या काळात कमी बोलणी बसली नाहीत. परदेशी धांगडधिंगा आणला, चालीत गोडवा नाही, बापाचं नाव घालवलं. तोच आता 'पंचमदा' झाला आहे आणि त्याच्या गाण्यांच्या रजनीला लोक शाल घेऊन जातात.

पण न्याय कसा असतो तो सांगतो. आरोपपत्र लिहिणाऱ्यांपैकी एकाचं काही वर्षांनी लग्न झालं. नवरदेव घोडीवर, मारुतीच्या दर्शनाला निघालेला. पुढे बँड, लाल कोट, सोनेरी झालर, ट्रम्पेटवाल्याचे गाल फुगलेले. त्याने सुरू केलं 2005 सालच्या 'दस'मधलं 'दस बहाने'. बघता बघता जुनी मंडळी रस्त्यावर उतरली. माना गेल्या कुठल्या कुठे, सगळा कारभार कंबरेखाली. एकाने तर तोंडात रुमाल धरून नागिण सुरू केली, जिचा त्या चालीशी काही संबंध नव्हता. चाल विशाल-शेखरची. ज्या माणसाने नाचण्यासारखं संगीत केलं म्हणून त्याला वाळीत टाकलं होतं, त्याच्याच चालीवर ही मंडळी वाहतूक अडवून नाचत होती. ट्रम्पेटवाल्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्याला वरमाईकडून पाचशेची नोट घ्यायची होती, ती त्याने घेतली. अख्ख्या वरातीत शुद्ध कलावंत तेवढा तोच.

पुढे 'दोस्ताना'चं 'देसी गर्ल', 'तीस मार खान'मधली शीला, 'रा.वन'चं 'छम्मक छल्लो', अशी प्रत्येक लग्नसराई या जोडीने सांभाळली. पेंटाग्रामचा 'अप' नाशिकच्या एकाही बँडपथकाने वाजवल्याचं ऐकिवात नाही.

आता बदलणं हा गुन्हा असेल तर न बदलणाऱ्यांना तरी बक्षीस मिळतं का? तेही नाही. दिल्लीच्या युफोरियाने 1998 साली 'धूम' काढला आणि 2000 साली दुसरा, त्याचं नावच 'फिर धूम'. इतका प्रामाणिक माल बाजारात क्वचित येतो. मागच्या वेळी आवडलं ना, घ्या पुन्हा. त्यातल्या 'माईरी'ने तेव्हा गल्लोगल्ली धुमाकूळ घातला. तरी जाणकार नाक मुरडून म्हणालेच, तेच तेच आहे. आपल्याकडे मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या 'गारवा'ने अख्ख्या पिढीला पावसात भिजायला लावलं. मग 'सांज गारवा' आला. लोकांनी तोही घेतला, ऐकला, प्रेमपत्रांत वापरला आणि वर म्हणाले, पहिल्यातला पाऊस वेगळाच होता. पाऊस बदलला तरी तक्रार, तोच पडला तरी तक्रार. हवामान खात्याने बँड काढला तर त्याची गतही वेगळी होणार नाही.

संदीप खरे-सलील कुलकर्णी त्यातल्या त्यात हुशार. प्रेम, विरह, नकार असं सगळं गात असताना त्यांनी मधेच 'अग्गोबाई ढग्गोबाई' काढून बालगीतांकडे मोर्चा वळवला. धक्का मोठा होता, पण आवाज उठवणार कोण? फॅनच्या मांडीवरचं पोरगंच 'पुन्हा लाव, पुन्हा लाव' म्हणत होतं. टीकाकाराला घरातूनच गप्प करायची एवढी सोपी युक्ती रॉकवाल्यांना आजवर सुचलेली नाही.

परदेशातही पब्लिक काही वेगळं नाही. 1996 सालीच, म्हणजे आमची पोरं रंगभवनला माना मोडून घेत होती तेव्हा, अमेरिकेतल्या वीझर या बँडचा दुसरा अल्बम आला, 'पिंकर्टन'. पहिला गोडगोड, गुणगुणण्यासारखा. दुसरा खरबरीत, गायकाने स्वतःची सगळी लक्तरं चव्हाट्यावर मांडलेला. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या वाचकांनी त्याला त्या वर्षीच्या सर्वांत वाईट अल्बमांत नेऊन बसवलं. 2004 साली त्याच मासिकाने त्याला पाच तारे दिले. मधल्या काळात अल्बममधली एक ओळही बदललेली नव्हती. आठ वर्षांनी फक्त ऐकणाऱ्यांचे कान पिकले होते.

असल्या धक्क्यांची नाशिकला सवय नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. शंभर वर्षांपूर्वीचा सर्वांत मोठा धक्का याच गावी राहायला आला होता: पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडची ग्वाल्हेरची तालीम. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलेला माणूस. संस्थानिकांच्या दिवाणखान्यातलं गाणं त्याने बाहेर काढलं आणि तिकीट लावून चारचौघांपुढे मांडलं. 1908 साली मुंबईला विद्यालय आणलं, पुढे कर्ज काढून इमारत बांधली, कर्ज फिटलं नाही, इमारत गेली. 1920 च्या दशकात हेच बुवा पंचवटीत रामनाम आधार आश्रमात दिसायला लागले. अंगात भगवी कफनी, गाण्यात रामधून आणि तुलसीदास.

आता तानांच्या ओढीने लांबून आलेल्या रसिकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. बुवा आज मालकंस घेणार म्हणून तो पुढची जागा धरून बसलाय आणि बुवांनी सगळ्यांनाच रामनाम म्हणायला लावलंय. 'बुवा, ते जुनं होऊन जाऊ द्या' म्हणायची छाती कुणाची? 1923 च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये खुद्द अध्यक्षांनी हरकत घेतली तरी बुवांनी 'वंदे मातरम्' पूर्ण गाऊनच सोडलं होतं. ते पंचवटीतल्या फर्माइशी ऐकणार? आणि शेवटी उरलं काय ते बघा. 'रघुपति राघव'ची घराघरांत पोचलेली चाल त्यांच्याच नावाने सांगितली जाते. ज्यांना ख्याल आणि खमाज यातला फरक कळत नाही त्यांनाही ती पाठ आहे. बुवांचा दुसरा अल्बम देशाने तोंडपाठ केला.

एवढं होऊनही आम्ही सुधारलेलो नाही. दिवाळी पाडव्याच्या पहाटे नेहरू चौकात पिंपळपारावर मैफल असते. अंधारात आंघोळ करून, नवे कपडे घालून, शहरातली दर्दी मंडळी सतरंजीवर दाटीने बसलेली. तरुण गायकाने 'ही माझी नवी बंदिश' एवढं म्हणायचा अवकाश, पुढच्या रांगेतले दर्दी घड्याळ बघतात आणि मागचे फराळाचा विषय काढतात. भीमसेन अण्णांचा अभंग सुरू झाला की सगळे पुन्हा जागेवर. 2008 साली सुरू झालेल्या सुलाफेस्टला गंगापूर धरणाच्या अंगाला, द्राक्षवेलींच्या मधोमध, हातात वाइनचा ग्लास धरून उभा असलेला फॅनही मागून ओरडतो ते हेच, "भाऊ, जुनं वाजव!" सतरंजीचा ग्लास झाला, मागणी तीच.

आणि हा फॅन स्वतः काय करत होता? 1996 साली मान हलवत होता. 2002 साली सातपूरच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला जात होता. पुढे बोहल्यावर चढला, मग पाथर्डी फाट्याला वन बीएचके, मग त्याचा टू बीएचके, केस गेले, पोट आलं, रॉयल एन्फिल्ड विकून सात जणांची गाडी घेतली. एका माणसाने एवढे धक्कादायक अल्बम काढले. बँडने कधी तक्रार केली? विशाल ददलानी कधी म्हणाला का, की बाबा रे, तू पहिलाच बरा होतास?

हल्ली तर फॅनची सगळी दुःखं अ‍ॅपने दूर केली आहेत. एक गाणं आवडलं की अ‍ॅप लगेच त्याच्यासारखी चाळीस आणून ओततं. तोच ठेका, तोच मूड, त्याच जातीचा आवाज. धक्का म्हणून बसत नाही. नवीन काही चुकून आलंच तर पहिल्या चार सेकंदांत अंगठ्याने ढकलून देता येतं. 'अप'ला ती सोय नव्हती. सीडीला पैसे मोजलेले होते, ते वसूल करायला पुन्हा पुन्हा ऐकावं लागायचं. सहाव्या-सातव्यांदा ऐकताना कुठलं तरी गाणं गपचूप घरात शिरून बसायचं. ज्या माणसाने सीडी शर्टाला पुसली होती, तो महिनाभराने आंघोळ करताना 'अप'मधलीच चाल गुणगुणत होता. त्याच्या आईने ऐकलं. तिला वाटलं सिनेमातलं आहे.

2007 साली पेंटाग्रामचा तिसरा अल्बम आला, 'इट्स ओके, इट्स ऑल गुड'. त्याच वर्षी विशाल-शेखरचा 'ओम शांती ओम'ही आला आणि तो अर्थातच सगळ्या रिक्षांत वाजत होता. तरी जुनी मंडळी कॉलेज रोडच्या टपरीवर जमली. कटिंग आलं. तिसऱ्या अल्बमवर चर्चा झाली. सगळ्यांनी मिळून नाकं मुरडली. मग आरोपपत्राचा मूळ लेखक, आता दोन पोरांचा बाप, कप खाली ठेवत गंभीरपणे म्हणाला, "काही म्हणा भो, यांचा खरा अल्बम एकच. 'अप'."

कुणीही हसलं नाही. सगळ्यांनी मान डोलावली. त्याच माना.

तेव्हा तमाम बँडवाल्यांना या सदराचा फुकट सल्ला. दुसऱ्या अल्बमला शिव्या पडल्या तर खचू नका, खुलासे देऊ नका, आणि जुन्या वाटेवर परत तर मुळीच जाऊ नका. सरळ तिसरा काढा. दुसरा आपोआप चांगला होतो.